मातीवरची काळी चमक

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मातीकाम शिकले. आयुष्यभर चित्रकला शिकवल्यामुळे रंग आपल्याला कळतात असा माझा समज होता, तो पहिल्या भट्टीतच गेला. कागदावर लावावा तो रंग दिसतो. भांड्यावर लावतो तेव्हा मात्र तो राखाडी चिखल असतो, आणि भाजून काय निघणार हे भट्टी थंड होऊन दार उघडेपर्यंत कोणी सांगू शकत नाही.

भट्टी होती माझ्या नणंदेकडे, डोंबिवलीला. पूर्वेला कारखान्यांच्या वसाहतीला लागून जुने बंगले आहेत, त्यातल्या एकात ती एकटी राहते. तिचे यजमान गेल्यावर गाडी विकली आणि गॅरेज रिकामं पडलं. आमचं ठाण्यातलं वर्तकनगरचं घर म्हणजे दोन खोल्या आणि कपडे वाळत घालायची गॅलरी. तिथे विजेची भट्टी ठेवते म्हटलं असतं तर सोसायटीने आधी मलाच भाजून काढलं असतं. नणंद म्हणाली, "माझ्याकडे आण. घरात कोणीतरी येतंय-जातंय असं मलाही वाटेल." ती माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. तो तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते.

सुरुवातीला ताई चहा करायची आणि लांबून बघायची. मग माती मळून द्यायला लागली. मग एकदा पदर खोचून चाकावर बसली आणि थोड्याच महिन्यांत माझ्यापेक्षा सरळ भांडी काढायला लागली. पुढे आमची वाटणीच होऊन गेली. चाक आणि भट्टी तिची, ग्लेझ माझं. ग्लेझ म्हणजे भांड्यावरची काचेसारखी झिलई. तिचे घटक मोजून, चाळून, पाण्यात कालवून मी लावायची.

मला काळा रंग हवा होता. बाजारात काळी भांडी मिळतात, पण ती ऑइलपेंट मारल्यासारखी दिसतात. मला हवा होता तो बंदुकीच्या नळीचा काळा, ज्यात करडं, निळं आणि थोडं तांबूसही दिसतं, आणि उजेड पडला की जो लोखंडासारखा जड वाटतो. हातात घेईपर्यंत ते भांडं मातीचं आहे हे कोणाला कळू नये, अशी माझी हौस. वर्षभर मी लोखंडाचा गंज, कोबाल्ट, काय काय घालून पाहिलं. कधी छत्रीच्या कापडासारखा निस्तेज काळा आला, कधी चॉकलेटी. एकदा ग्लेझ इतकं ओघळलं की वाडगा भट्टीच्या फरशीला चिकटून बसला आणि ताईने छिन्नी-हातोडी घेऊन तो शिव्या देत काढला.

शेवटी मातीकामातल्या एका ओळखीच्या बाईंनी एक कृती सांगितली. त्यात मँगनीज डायऑक्साइड भरपूर होतं आणि जोडीला तांबं. मँगनीज म्हणजे काजळीसारखी काळी भुकटी, बोटाला लागली की साबणानेही जात नाही. त्या कृतीने भाजलेला पहिला वाडगा ताईने भट्टीतून काढला आणि माझ्या हातात दिला. तो तसाच होता. काठावर किंचित सोनेरी, पोटाशी गडद, आणि सगळीकडून धातूचा. मी तो गॅरेजच्या दाराशी नेला, उन्हात फिरवला, परत आत आणला. ताई म्हणाली, "आता जेवायला तरी बसशील का?"

त्या पावसाळ्यात आम्ही दुसरं काही केलंच नाही. ताईने स्वतःसाठी एक मगही केला, त्याच झिलईचा, आणि रोज सकाळी ती त्यातून चहा प्यायला लागली. एका छोट्या प्रदर्शनात आमचे वाडगे मांडले होते, तिथे एक मुलगी आली. ती घोडबंदर रोडला नव्याने होत असलेल्या एका टॉवरच्या लॉबीची सजावट करत होती. तिने वाडग्यावर नख वाजवून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, याच फिनिशमध्ये मोठे रांजण मिळतील? भिंतीशी एका ओळीत ठेवायला?" मी हो म्हणाले. मागे उभ्या असलेल्या ताईने मला कोपराने ढोसलं, पण तोवर मी बोलून गेलेले.

पाऊस तिरका यायचा म्हणून भट्टी चालू असताना गॅरेजचं शटर आम्ही खाली ओढून घ्यायचो. भट्टीच्या दाराला एक भोक असतं, त्यातून आतला लाल उजेड बघून अंदाज घ्यायचा. ताई स्टूल टाकून तिथेच बसायची, मी शेजारी पुढची भांडी ग्लेझमध्ये बुडवत असायची. एक उग्र, तोंडात धातूची चव आणणारा वास यायचा. पण डोंबिवलीच्या त्या भागात वासाचं कोणाला काय. ताई म्हणायची, "इकडे वास आला नाही तर लोक घाबरतात, की कारखाना बंद पडला की काय."

गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. एका सकाळी मी नवऱ्याला चहा दिला तेव्हा कप बशीवर वाजत होता. त्याने कप घेतला, खाली ठेवला आणि माझा हात धरला.

"थरथरतोय."

"झोप झाली नाही नीट," मी म्हणाले.

खरं म्हणजे मलाही ते आधीपासून जाणवत होतं. ब्रश धरला की टोक हलायचं. शाळेत फळ्यावर मी एका दमात गोल काढायची, मुलं कंपास लावून बघायची, चुकला नाही ना ते. तो गोल आता कागदावर काढला तर कडेला बारीक दाते यायचे. वयाप्रमाणे होतं, असं मी मनाशी ठरवून टाकलेलं.

नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. टाक्या, पाइप, असलं जोडकाम चालायचं तिथे. निवृत्त झाला तरी हात स्वस्थ नसतात, म्हणून ताईच्या शटरची स्प्रिंग बदलायला तो त्या आठवड्यात माझ्याबरोबर डोंबिवलीला आला. काम झाल्यावर हात पुसायला फडकं शोधत तो माझ्या मांडणीशी गेला. तिथे डबे होते, प्रत्येकावर मी चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. एका डब्यापाशी तो थांबला.

"हे कशाला वापरता?"

"ग्लेझला," मी म्हणाले. "त्यानेच ती चमक येते."

"किती?"

"बरंच."

"आणि भट्टी चालू असताना तुम्ही दोघी कुठे असता?"

ताई म्हणाली, "इथेच. दुसरीकडे कुठे बसणार? पावसात अंगणात?"

त्याने मघाशी दुरुस्त केलेलं शटर सरकन वर केलं आणि मातीच्या गोणीवर बसला. मग बोलायला लागला, ते माझ्याकडे न बघता.

"आमच्याकडे एक वेल्डर होता. चांगला कारागीर. बंद टाकीत उतरून वेल्डिंग करायचा. त्या रॉडमध्ये मँगनीज असतं, त्याचा धूर. आधी त्याचे हात कापायला लागले. मग चालताना पाय घासायला लागला. चेहरा असा गोठल्यासारखा झाला. हसायचा नाही, रागवायचा नाही. लोकांना वाटायचं, दारू प्यायला लागला."

"मग?" ताईने विचारलं.

"मग काही नाही. काम सोडून गावी गेला. हात थांबले नाहीत."

ताईच्या हातात तिचा काळा मग होता. तिने त्यातला चहा मोरीत ओतला. परत येऊन तिने दुसऱ्या दिवशीसाठी लावून ठेवलेली भट्टी उघडून सगळी भांडी एकेक करून बाहेर काढली. परत येताना सबंध वाट माझी नजर माझ्या मांडीवरच्या हातावर होती, नवऱ्याचीही.

ठाण्यातल्या एका न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळेपर्यंत मधे काही दिवस गेले. ते दिवस मी कोणावर येऊ नयेत म्हणेन. आरशासमोर उभी राहून मी हसून बघायची, चेहरा गोठला तर नाही ना. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाताना पाय उचलला जातोय की घासतोय, याकडे लक्ष. सही करून आधीच्या सहीशी ताडून पाहायची, अक्षर बारीक तर होत नाही. छातीत धडधडायचं, घाम यायचा, रात्री पंखा जोरात लावूनही उकडायचं, आणि ते सगळं मी भीतीच्या खात्यावर टाकत होते. सगळ्यात जास्त वाटायचं ते ताईचं. कृती मी आणली होती आणि भट्टीच्या भोकाला डोळा लावून बसायची ती. तिचे हात थरथरत नव्हते, पण आज नाही म्हणून उद्या नाही असं कोण सांगणार होतं?

डॉक्टर माझ्याहून बरेच लहान होते, साधारण मी वीसेक वर्षांपूर्वी शिकवलेल्या मुलांएवढे. नवऱ्याने आत शिरल्या शिरल्या मँगनीजपासून सुरुवात केली. त्यांनी ते सगळं नीट ऐकलं, मधेच तोडलं नाही. कुठली भट्टी, किती वेळ, खिडकी होती का, तोंडाला काही बांधत होतात का. मग मला म्हणाले, "काकू, हात पुढे करा. बोटं पसरा." आणि टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्यांनी माझ्या पसरलेल्या बोटांवर ठेवला. कागदाची कड फडफडत राहिली. पाखराचे पंख थरथरतात तशी बारीक आणि भराभर.

त्यांनी मला चालायला लावलं, वळायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, लिहायला लावलं. मनगट धरून हात मागेपुढे करून पाहिला. मग अचानक भलतंच विचारलं.

"वजन कमी झालंय?"

"थोडं. डोंबिवलीला जाऊन-येऊन करते, जिने असतात."

"भूक?"

"भूक चांगली लागते," मी म्हणाले, आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्या दुप्पट जेवते हल्ली."

"उकडतं खूप?"

"भट्टीपाशी बसल्यावर उकडणारच."

"घरी?"

घरीही उकडायचं. डॉक्टर उठून माझ्या मागे आले, दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाले, "आवंढा गिळा." मी गिळला. पुन्हा गिळायला सांगितलं.

"मला आत्ता काही ठाम बोलायचं नाहीये," खुर्चीत बसत ते म्हणाले. "मेंदूचा एमआरआय करू, कारण तुम्ही जे सांगताय ते सोडून देण्यासारखं नाही. रक्तातलं मँगनीज बघू. पण त्याबरोबर थायरॉइडही बघू. थायरॉइड वाढला तरी हात असेच थरथरतात. आणि त्या ताईंनाही घेऊन या."

ताई यायला तयार नव्हती. फोनवर म्हणाली, "मला काही होत नाही. जन्म या हवेत गेला माझा." नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला. "ताई," एवढंच म्हणाला, आणि फोन परत माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी होती, पर्समध्ये जुनी औषधं, आधारकार्ड आणि डब्यात थालीपीठं घेऊन.

एमआरआयच्या त्या नळकांड्यात पडून राहिले तेव्हा बाहेरचा ठोकाठोकीचा आवाज कारखान्यासारखा येत होता. मी देवाचं नाव घेतलं नाही, तेवढं सुचलंच नाही. ताईचं कसं निघेल, एवढंच डोक्यात होतं.

दोघींचं एकदमच कळलं. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि मधल्या भागावर पेनाचं टोक ठेवलं. "मँगनीज साठलं तर इथे पांढरं दिसतं. दोघींच्यातही काही नाही. रक्तातही काळजी करण्यासारखं नाही." मग माझ्याकडे वळले. "तुमचा थायरॉइड मात्र भलताच जोरात चाललाय. हाताचं, घामाचं, धडधडीचं, सगळं त्याचंच. गोळ्यांनी बरं होतं हे. वेळ लागेल, पण हात थांबेल."

"नक्की थांबेल?" नवऱ्याने विचारलं.

"थांबेल. पण काका बोलले ते खरं होतं. यावेळी तुम्ही वाचलात म्हणा. ती भुकटी परत भट्टीत घालू नका."

"मी तर डबाच फेकलेला," ताई म्हणाली. मग घाईने म्हणाली, "म्हणजे फेकला नाही, बांधून ठेवलाय. फेकायचा कुठे, तेच कळत नव्हतं."

खाली उतरल्यावर ताईने रस्त्यात, उभ्या केलेल्या दोन स्कूटरच्या मधे, मला मिठी मारली. आमच्यात तशी पद्धत नाही. माझ्या लग्नातही मारली नव्हती. नवरा स्कूटरला किल्ली लावत होता आणि ती लागत नव्हती, घराची किल्ली होती ती. शेवटी स्कूटर तिथेच ठेवून आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. त्याने मिसळ मागवली, वर साबुदाणावडा, वर खरवस. मी म्हणाले, एवढं कोण खाणार? तो म्हणाला, "तू. तुझा थायरॉइड जोरात आहे ना." ताई हसता हसता रडायला लागली आणि वेटर बिचारा पाण्याचा जग घेऊन तसाच उभा राहिला.

मँगनीजचा डबा नवऱ्याने जुन्या कारखान्यातल्या ओळखीने घातक कचरा नेणाऱ्या गाडीत रवाना केला. ताईचा मग आणि आमच्या घरातले दोन वाडगे, ज्यात आम्ही काहीबाही खायचो, तेही त्याच्याबरोबर गेले. शोभेचे तेवढे राहिले.

आता राहिली ती घोडबंदरची मुलगी. मी तिला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना? मग झालं. लॉबीचं काम तसंही लांबलंय, अजून फरशीच बसली नाहीये. पण मला काळंच हवंय, आणि चमक हवी. दुसरं काही होईल का?"

दुसरं काही होतं. मी शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी एकदा धुराचं काम दाखवलेलं. त्यात ग्लेझ नसतंच. लाल मातीचं भांडं घडवायचं, त्यावर गाळलेल्या मातीचं सायीसारखं पाणी फासायचं, आणि ते अर्धवट सुकलं की गुळगुळीत गोट्याने घोटत राहायचं, चेहरा दिसेपर्यंत. मग हलकं भाजायचं. शेवटी खड्ड्यात घालून जाळ करायचा, भांडं लाल तापलं की त्यावर शेणाची पूड आणि लाकडाचा भुसा ओतून वरून राखेने, मातीने पार झाकून टाकायचं. आत हवा जायला नको. कोंडलेला धूर मातीच्या छिद्रांत शिरतो आणि भांडं काळं होतं. घोटलेलं असेल तर ते काळं धातूसारखं चमकतं. तेव्हा मला ते कष्टाचं काम वाटलं होतं, आणि मी झटपट डब्यातल्या भुकटीकडे गेले होते.

डोंबिवलीत खड्डा करून धूर काढणं शक्य नव्हतं. नवऱ्याच्या कारखान्यातला एक जुना सोबती खडवलीचा, तिथे त्याची शेती आहे. त्याने फोनवरच सांगितलं, "या की. जमीन आपलीच हाय." आम्ही थंडी पडल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तो बांधावर उभा राहून घोटलेली लालभडक भांडी बघत होता. मला म्हणाला, "वयनी, एवरी गोरी भांडी, ती काली कशाला करताव? लोक तं काल्याची गोरी कराला बगतान." ताईला हे इतकं आवडलं की ती अजूनही सांगते.

घोटायचं काम मात्र माझ्या हातून होईना. गोळ्या सुरू झालेल्या, पण हात अजून हलायचा आणि गोटा नेमका निसटून ओरखडा उठवायचा. दोन भांडी मी अशी खराब केली आणि गोटा खाली ठेवला. तेव्हा नवरा म्हणाला, "दे इकडे." गॅरेजमध्ये वर्तमानपत्र अंथरून तो बसला, भांडं मांडीत घेतलं आणि हळूहळू, एकाच दिशेने, गोटा फिरवायला लागला. दुपार टळली तरी तो उठला नाही. ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "बघ त्याच्याकडे. लहानपणी मी भातुकली खेळायचे तर लाथ मारून जायचा."

खडवलीची पहिली खेप वाया गेली. जमिनीत ओल होती आणि जाळ चढला तसे खड्ड्यातून फट् फट् आवाज आले. दर आवाजाला ताई डोळे मिटायची. निघाली ती खापरं. दुसऱ्या वेळी खड्डा आधी सुकवला, भांड्यांखाली विटा मांडल्या. पण माझ्याच्याने धीर धरवला नाही, संध्याकाळ व्हायच्या आत मी एका बाजूची राख सारून पाहिलं. तिथून हवा शिरली, आणि त्या बाजूची भांडी कोडासारखी लाल-पांढरी चट्ट्यांची निघाली. नवऱ्यालाही मला बोलायला तोंड नव्हतं. त्याने आमच्यासाठी कारखान्यात असतात तसे मास्क आणलेले, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं असा नियम घातलेला, आणि तो नियम त्याने स्वतःच तीनदा मोडला होता.

मधल्या आठवड्यांत माझा हात सुधारत गेला. कधी सुधारला ते सांगता येणार नाही. एक दिवस मी सहज एका रांजणाच्या गळ्यावर गोटा फिरवत होते, बोलता बोलता, आणि ताईने मधेच बोलणं थांबवून माझ्या हाताकडे पाहिलं. गोट्यामागे सरळ, अखंड, चकचकीत पट्टा उमटत चालला होता. "चालू ठेव," ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस." मी तो रांजण त्या दिवशी पूर्ण केला. घरी येऊन कागदावर गोलही काढून पाहिला. फार चांगला नव्हता, पण दाते नव्हते.

त्यानंतरची खेप आम्ही झाकली आणि सरळ त्या सोबत्याच्या घरी जेवायला, झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी खड्ड्याकडे फिरकलं नाही. मग नवऱ्याने फावड्याने माती ओढली, ताईने हाताने राख बाजूला केली. पहिला रांजण बाहेर आला तो राखेने माखलेला, करडा, आणि माझं मन खचलं. ताईने जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला आणि एकदा पुसलं. फडक्याखालून काळं लोखंड निघालं. मी पुढे होऊन बाकीचं पुसलं. मँगनीजसारखी सोनेरी कड नव्हती, पण पोटावर चंदेरी झाक होती, खाली निळसर होत गेलेली, आणि एका बाजूला धुराची वळणं जशीच्या तशी उमटलेली, पाण्यात शाई सोडावी तशी. नवरा रांजणाभोवती फिरला. त्याने घोटलेला होता तो. "हे मी केलंय?" त्याने विचारलं. ताई म्हणाली, "धुराने केलंय. तू नुसता घासत होतास." पण तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

एकूण एक चांगले निघाले असं नाही. दोन तडकले, एकावर पांढरा डाग राहिला. तरी ओळ भरेल इतके झाले. ते गोधड्यांत गुंडाळून, टेम्पोत घालून आम्ही घोडबंदरला नेले. लॉबीत फरशी बसली होती, भिंतीचा रंग ओला होता. मुलीने एकेक रांजण उघडला आणि तळवा फिरवत गेली. मग एकावर नख वाजवलं, कान लावला.

"माती वाजतेय," ती म्हणाली. "बघताना मात्र वाटत नाही. मॅडम, आधीच्यापेक्षा हे चांगलं आहे. यात काय घातलंत?"

"काही नाही," मी म्हणाले. "शेण, भुसा आणि धूर."

"यात पाणी घालता येणार नाही, बरं का," ताईने लगेच बजावलं. "झिरपेल. सुकलेली फुलं ठेव."

ती हो म्हणाली. डागाचा रांजण तिने मुद्दाम दाराजवळ ठेवला, तोच तिला जास्त आवडला.

टेम्पो तिथूनच परत गेला आणि आम्ही तिघं रिक्षाने निघालो, नवरा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. घोडबंदर रोडला नेहमीसारखं सगळं ठप्प होतं. पुढे कुठेतरी मेट्रोच्या खांबापाशी ट्रक बंद पडला होता म्हणे. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की नवरा झोपलाय. मान ताईच्या खांद्यावर कललेली, तोंड थोडं उघडं, आणि हलकं घोरणं चालू. त्याला रिक्षात कधी झोप येत नाही. मी त्याला हलवायला हात पुढे केला.

"राहू दे," ताई हळू आवाजात म्हणाली. "तुला माहीत नाही. तुझ्या तपासण्या चालू होत्या तेव्हापासून हा रोज पहाटे मला फोन करायचा. गॅलरीत जाऊन. झोपेत तिचा हात हलतो का ते रात्रभर बघत बसलो, म्हणायचा. रिपोर्ट आल्यावरही बरेच दिवस करत होता. गेल्या आठवड्यात बंद झाला."

मी त्याच्याकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत अजून राख होती, नखांत लाल माती. पुढच्या गाड्या थोड्या सरकल्या, रिक्षावाल्याने किक मारली, आणि ताईने त्याचं डोकं घसरू नये म्हणून खांदा जरा वर उचलून धरला.